खोगिरावरची दोन अक्षरं आणि अमेरिकेचा बंदुकीचा वाद

'अलाँग केम जोन्स' हा १९४५ सालचा चित्रपट. दिग्दर्शन स्टुअर्ट हेस्लरचं, पटकथा नन्नली जॉन्सनची आणि गॅरी कूपर त्यात नायक तर आहेच, शिवाय निर्माताही तोच. मेलडी जोन्स नावाचा एक भोळसट गुराखी आपल्या कुरकुऱ्या सोबत्याला घेऊन पेनव्हिल नावाच्या गावात शिरतो. त्याच्या खोगिरावर 'एम. जे.' अशी दोन अक्षरं आहेत. नेमकी त्याच भागात मॉन्टी जॅरड नावाच्या दरोडेखोराने घोड्यांची टपालगाडी लुटलेली आहे. त्याचं वर्णन सगळीकडे पोचलंय: उंच, सडपातळ, बरोबर एक अर्धवट डोक्याचा काका. झालं! गावकरी मेलडीला बघून रस्त्यातून बाजूला होतात, गुत्त्यात त्याला जागा करून देतात. ज्याला पिस्तूल धड बाहेर काढता येत नाही अशा माणसाला एकाएकी मान मिळायला लागतो, आणि गंमत म्हणजे कारण कळायच्या आधीच त्याला तो आवडायला लागतो.

वेस्टर्न चित्रपटांतल्या गंभीर मंडळींनी अमेरिकेला एक चित्र दिलं. उन्हात तापलेला रस्ता, दोन टोकांना दोन माणसं, त्यातला एक चांगला आणि एक वाईट, आणि कोण कुठला याबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही. आज अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगावं की नाही यावर जो वाद चालतो, त्यातली एक अख्खी बाजू या चित्रावर उभी आहे. हत्यारबंद वाईट माणसाला थांबवायचं तर हत्यारबंद चांगला माणूस हवा, हा तो युक्तिवाद. तोतयेगिरी आणि ओळखीच्या घोटाळ्यावरचे विनोदी वेस्टर्न या चित्रातली पहिलीच वीट काढून घेतात. चांगला कोण आणि वाईट कोण हे गावाला कळतच नाही. माझं म्हणणं असं की इतिहासाशी ताडून पाहिलं तर या बाबतीत विदूषकांनी नायकांपेक्षा जास्त खरं सांगितलंय, आणि अमेरिकी न्यायालयं, विधिमंडळं ते अजून ऐकत नाहीत.

आधी ओळखण्याचंच बघू. 'वॉन्टेड' म्हटलं की मधोमध फोटो असलेला पिवळट कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो बराचसा स्टुडिओच्या कला विभागातून आलेला आहे. वर्तमानपत्रात फोटो सर्रास छापण्याचं तंत्र १८९० च्या दशकापर्यंत रुळलेलं नव्हतं. डिसेंबर १८८० मध्ये न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर ल्यू वॉलेस याने बिली द किड या गाजलेल्या गुन्हेगाराला पकडणाऱ्याला ५०० डॉलर देण्याची सूचना वर्तमानपत्रात दिली. (हाच तो 'बेन हर'वाला वॉलेस. कादंबरी आणि बक्षीस दोन्ही एकाच वर्षातली.) त्या सूचनेत काय आहे? नाव, टोपणनाव, रक्कम आणि कुठल्याही शेरीफच्या ताब्यात द्यावं ही विनंती. उंची नाही, केसांचा रंग नाही, वय नाही, चेहरा तर नाहीच. म्हणजे ज्याला तो आधीपासून माहीत आहे त्यालाच उपयोगी पडावी अशी ती जाहिरात होती. पेनव्हिलच्या लोकांकडे दोन अक्षरं आणि एक काका एवढा तरी ऐवज होता.

आणि फोटो असला तरी काय होतं ते याच बिलीच्या बाबतीत दिसलं. त्याचं निर्विवाद मानलं गेलेलं एकच छायाचित्र आहे, १८७९-८० च्या सुमारास फोर्ट समनरमध्ये काढलेलं. ते लोखंडी पत्र्यावरचं, म्हणजे टिनटाइप. यात निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात पडलेली प्रतिमा थेट पत्र्यावर उमटते आणि त्यामुळे आरशासारखी उलटी येते. चित्रात पिस्तूल त्याच्या डाव्या कमरेला दिसतं. तेवढ्यावरून तो डावखुरा ठरला आणि कित्येक दशकं डावखुराच राहिला. १९५८ साली पॉल न्यूमनला घेऊन त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या नावातच डावखुरेपणा आहे. वास्तविक उत्तर त्याच पत्र्यावर होतं. त्याच्या हातातली रायफल आहे विंचेस्टर १८७३. तिच्यात काडतुसं भरायची खिडकी बंदुकीच्या उजव्या अंगाला असते, आणि छायाचित्रात ती डाव्या अंगाला दिसते. एवढं जरी कुणी नीट बघितलं असतं तरी उलगडा झाला असता. २०११ मध्ये हा पत्रा लिलावात २३ लाख डॉलरला गेला. जगातला सगळ्यात महागडा गुन्हेगाराचा फोटो, आणि तोही उलटा वाचलेला.

ओळखीची ही अवस्था असली की तिची जागा ख्याती घेते, आणि ख्याती बनवता येते. 'द पेलफेस' (१९४८) मधला बॉब होप दाताचा डॉक्टर आहे. गोळ्या झाडते कॅलॅमिटी जेन, म्हणजे जेन रसेल, लपून. मुडदे पडलेले बघून तो स्वतःसुद्धा समजतो की नेम आपलाच लागला. पुढे द्वंद्वाला निघाल्यावर एक जण सांगतो, तो डावीकडून पिस्तूल काढतो, तू उजवीकडे झुक. दुसरा वाऱ्याची दिशा सांगतो. तिसरा म्हणतो, तो गोळी झाडताना वाकतो, तू चवड्यांवर उभा राहा. रस्त्यात पोचेपर्यंत डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात या सगळ्याची खिचडी झालेली असते. 'सपोर्ट युवर लोकल गनफायटर' (१९७१) मध्ये बर्ट केनेडीने हाच धागा बाजारापर्यंत नेला. गाव पर्गेटरी, दोन खाणमालक सोन्याच्या एकाच शिरेकडे बोगदे खणताहेत, आणि स्विफ्टी मॉर्गन नावाचा भाडोत्री बंदूकबाज येणार अशी हवा आहे. जेम्स गार्नरचा ठकसेन आगगाडीतून उतरतो आणि लोक त्यालाच स्विफ्टी समजतात. तो शहाणा. ते लोढणं तो जॅक इलमच्या गळ्यात मारतो, त्याला स्विफ्टी म्हणून उभा करतो आणि मधले पैसे खातो. शेवटी तोच इलम प्रेक्षकांकडे वळून सांगतो की पुढे आपण इटालियन वेस्टर्नचे मोठे नट झालो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर वाइल्ड बिल हिकॉक या नावाजलेल्या नेमबाजाचं प्रकरण काढून बघावं. पहिली गोष्ट, त्याचं नाव बिल नव्हतंच, जेम्स बटलर हिकॉक होतं. फेब्रुवारी १८६७ मध्ये 'हार्पर्स न्यू मंथली मॅगझिन'ने त्याच्यावर लेख छापला आणि त्यात त्याच्या खात्यावर शेकड्यांनी माणसं मांडली. खऱ्या गोळीबारांचा हिशेब एका हाताच्या नाही तरी दोन हातांच्या बोटांवर आटोपतो. पण चार वर्षांनी, एप्रिल १८७१ मध्ये, कॅन्ससमधल्या ॲबिलीनने त्याला मार्शल नेमलं, तेव्हा गावाने काही अंशी तो लेखच नोकरीला ठेवला होता.

कूपरच्या पिस्तुलाकडे जरा जवळून बघायला हवं, कारण त्याचा वेंधळेपणा अडाण्याचा आहे असं प्रेक्षकांना वाटतं, आणि प्रत्यक्षात तो त्या काळच्या हत्याराचाच गुण आहे. विजेसारखं पिस्तूल उपसणं, मांडीला खाली बांधलेला पट्टा, आत धातूचं अस्तर असलेलं म्यान, हे सगळं १९५० च्या दशकातलं. आर्वो ओजाला नावाच्या हॉलिवूडच्या प्रशिक्षकाने पोलादी अस्तराचं म्यान काढलं आणि नटांना शिकवलं. १८७०-८० मधलं म्यान कमरेच्या पट्ट्यावर उंच बसायचं आणि खोल असायचं. कारण घोड्यावर दिवसभर आपटताना पिस्तूल पडू नये ही त्याची पहिली जबाबदारी. पटकन निघणं हे त्याचं कामच नव्हतं. त्यातून कोल्ट कंपनीचं १८७३ चं सहाबारी पिस्तूल म्हणजे किलोभर वजन, लांब मॉडेलची नळी साडेसात इंच. नेम धरायची पुढची माशी कातड्यात अडकली की झालं.

शिवाय ते सहाबारी सहा गोळ्यांचं नव्हतं. पिस्तुलाचा घोडा म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारा भाग. त्याच्या टोकावरची सुई खाली सोडलेल्या अवस्थेत थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. पिस्तूल पडलं किंवा मागून दणका बसला की बार उडतो. म्हणून भरण्याची रीत ठरलेली होती. घोडा अर्ध्यावर ओढायचा, बाजूची झडप उघडायची, एक काडतूस घालायचं, पुढचं घर रिकामं सोडायचं, मग ओळीने चार घालायची, घोडा पूर्ण मागे ओढायचा आणि अंगठ्याने धरून हलकेच खाली सोडायचा. मोजणी चुकली नसेल तर रिकामं घर बरोबर घोड्याखाली येतं. पाच गोळ्या आणि एक शहाणपण. हे शहाणपण ज्याने पाळलं नाही अशा एकाचं नाव वायट अर्प. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाचा पोलीस असताना तो गुत्त्याच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. पिस्तूल म्यानातून निसटून खाली पडलं, घोडा आपटला आणि गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन, भिंतीला लागून, छतातून बाहेर गेली. स्थानिक वर्तमानपत्राने ते छापलंसुद्धा. हॉलिवूडने अर्पवर इतके चित्रपट काढले, पण हा प्रसंग शोभतो तो मेलडी जोन्सला.

आणि मग धूर. धूररहित दारूची काडतुसं सर्रास मिळायला लागली ती १८९० च्या दशकात. त्याआधी सगळी काळी दारू. ती जळते तेव्हा तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग घनकण म्हणून मागे राहतो, थोडा नळीत, बाकीचा हवेत पांढरा धूर होऊन. पंचेचाळीस कॅलिबरच्या काडतुसात चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या वर दारू. कमी उंचीची खोली, रॉकेलचे दिवे, दोन-तीन बार झाले की समोरचा माणूस म्हणजे नुसता आकार. ओळख पटवायची ती या आकाराची.

आता ज्या गावांत हे रोजचं होतं, त्यांनी काय केलं? बंदी घातली. विचिटाच्या वेशीवर १८७३ मध्ये पाटी होती की पिस्तुलं पोलीस ठाण्यात जमा करा आणि बिल्ला घ्या. जाताना बिल्ला द्यायचा, पिस्तूल घ्यायचं, चप्पल स्टँडसारखं. डॉज सिटीच्या फ्रंट स्ट्रीटचा १८७० च्या दशकाच्या अखेरचा एक फोटो आहे. धुळीचा रुंद रस्ता, मधोमध लाकडी चौकट, तिच्यावर मोठ्या अक्षरांत अग्निशस्त्रं बाळगण्यास सक्त मनाई असल्याची सूचना, आणि तिच्या जोडीला 'प्रिकली ॲश बिटर्स' या औषधी दारूची जाहिरात. सरकारी पाटीला प्रायोजक! हे नियम कुणा ध्येयवाद्यांनी केले नव्हते. गावातल्या दुकानदारांनी केले. टेक्सासहून महिनोन्‌महिने गुरं हाकत आलेल्या पोरांच्या खिशातला पगार त्यांना हवा होता, गोळ्या नको होत्या. बाहेरून येणारी कुटुंबं, व्यापारी, रेल्वेचे लोक टिकायचे तर रस्ता शांत हवा, एवढाच हिशेब.

ॲरिझोनातल्या टूमस्टोनने १९ एप्रिल १८८१ रोजी असाच नववा नगरनियम केला. गावात परवान्याशिवाय उघडं वा लपवलेलं हत्यार बाळगायचं नाही. आता 'ओ. के. कोरल'ची लढाई सगळ्यांना माहीत असते, पण ती या नियमाच्या अंमलबजावणीतून झाली हे फार थोड्यांना. २६ ऑक्टोबर १८८१ च्या सकाळी गावचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प (वायटचा भाऊ) याने आयक क्लँटन या विरोधी टोळीतल्या माणसाला हत्यारासकट पकडलं, पिस्तुलाने डोक्यात एक हाणली आणि न्यायाधीशापुढे उभं केलं. दंड २५ डॉलर, वर अडीच डॉलर खर्च. गुराख्याचा महिन्याचा पगार तेव्हा तीस ते चाळीस डॉलर असायचा, म्हणजे दंड हलका नव्हता. दुपारी क्लँटनच्या उरलेल्या साथीदारांची हत्यारं काढून घ्यायला अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे गेले, आणि फ्रीमाँट स्ट्रीटवर फ्लायच्या फोटो स्टुडिओजवळच्या रिकाम्या जागेत तीसेक सेकंदांत तीसेक गोळ्या उडाल्या. तिघे मेले. स्टुडिओ इतका जवळ, पण फोटो एकही नाही. मेलेल्यांपैकी टॉम मॅक्लॉरीजवळ पिस्तूल होतं की नव्हतं यावर न्यायाधीश वेल्स स्पायसरपुढे महिनाभर साक्षी चालल्या आणि इतिहासकार आजही भांडतात. दिवसाढवळ्या, हातभर अंतरावर, एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसांत झालेली ही लढाई. तिथेही समोरच्याच्या हातात काय आहे हे नक्की ठरलं नाही.

ॲबिलीनचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. १८७० मध्ये तिथला मार्शल टॉम स्मिथ हत्यारबंदी राबवायचा आणि तीही मुख्यतः ठोशांनी. तो मारला गेल्यावर काही महिन्यांनी हिकॉक आला. ५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री फिल को नावाच्या जुगाऱ्याने रस्त्यात गोळी झाडली. कुत्र्यावर झाडली, असं त्याचं म्हणणं. हिकॉक पुढे झाला, को ने त्याच्यावर नेम धरला, हिकॉकने काही फुटांवरून त्याच्या पोटात दोन गोळ्या घातल्या. तेवढ्यात गर्दीतून हातात पिस्तूल घेऊन कुणीतरी धावत येताना दिसलं. हिकॉक वळला आणि त्याने झाडली. तो माइक विल्यम्स होता, हिकॉकचाच मित्र, त्याच्याच मदतीला येणारा खास पोलीस. जागीच गेला. हिकॉकने त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च केला. डिसेंबरात गावाने हिकॉकला कामावरून काढलं. हा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला नेमबाज, सरकारी बिल्ला लावलेला, आणि समोर त्याच्या ओळखीचाच माणूस. आणखी काय हवं होतं?

इथे आकड्यांचा घोळ टाळायला हवा. रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने गुरांच्या व्यापाराच्या पाच गावांतले १८७० ते १८८५ मधले खून मोजले तर ते ४५ भरले. त्यावरून, बघा, हत्यारबंदीने किती शांतता आणली, असं काही जण लगेच म्हणतात. ते घाईचं आहे. गावं इवलीशी होती, त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने दर चांगलाच चढा निघतो, हा दुसऱ्या इतिहासकारांचा आक्षेप रास्त आहे. बंदीने किती जीव वाचवले हे या आकड्यांतून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की जिथे पिस्तुलं खरोखर होती तिथल्या लोकांनी ती रस्त्यावर नकोत असं ठरवलं.

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली. २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालात ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कचा, खास कारण दाखवल्याशिवाय पिस्तूल बाळगण्याचा परवाना न देणारा कायदा रद्द झाला, आणि यापुढे शस्त्रांवरचा कुठलाही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे अशी कसोटी लावली गेली. मग पश्चिमेकडच्या बंदीचं काय? न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ते कायदे अल्पकाळ टिकलेले, स्थानिक आणि थोड्या लोकांना लागू असलेले म्हणून निकालात काढले. १८९० च्या जनगणनेनुसार ॲरिझोना, आयडाहो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि वायोमिंग मिळून जेमतेम ४ लाख २० हजार माणसं, देशाच्या एक टक्क्याहून कमी.

हा गणिताचा युक्तिवाद कच्चा आहे. परवाना असावा की नसावा याचा पुरावा शोधायचा तर तो अनोळखी हत्यारबंद माणसं एकमेकांना खरोखर भेटत होती तिथेच सापडणार. मॅसॅच्युसेट्समधल्या खेड्यात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे असा नियम कशाला होईल? डोकी मोजून परंपरा ठरवायची म्हणजे समुद्रकायदा ठरवताना देशात खलाशी किती टक्के आहेत ते विचारण्यासारखं झालं. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने ही कसोटी थोडी सैल केली, हुबेहूब जुना कायदा दाखवायची गरज नाही असं सांगितलं. पण रस्त्यावरच्या पिस्तुलाचा प्रश्न होता तिथेच राहिला. मधल्या काळात विधिमंडळं न्यायालयाच्याही पुढे गेली. आज २९ राज्यांत प्रौढ माणसाला कुठल्याही परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगता येतं. ॲरिझोनाने हे २०१० मध्ये केलं, कॅन्ससने २०१५ मध्ये. म्हणजे टूमस्टोन आणि डॉज सिटी, विचिटा, ॲबिलीन ही सगळी गावं आज १८८१ पेक्षा सैल कायद्याखाली आहेत.

परिणाम कसे होतात ते बघायला फार लांब जायला नको. २१ जून २०२१, कोलोरॅडोतलं आर्वाडा. एका माणसाने पोलिसाला ठार मारलं. जवळच्या दुकानातून एक नागरिक आपलं पिस्तूल घेऊन धावला आणि त्याने हल्लेखोराला टिपलं. अगदी जाहिरातीत दाखवावा तसा चांगला माणूस. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. दुसरा पोलीस तिथे पोचला, त्याला दिसला साध्या कपड्यांतला, हातात रायफल असलेला माणूस. त्याने गोळी झाडली आणि तो नागरिक मेला. पोलिसावर गुन्हा दाखल झाला नाही, आणि त्या क्षणी त्याला काय दिसत होतं हे धरलं तर दुसरं काही अपेक्षित नव्हतं. माइक विल्यम्सनंतर दीडशे वर्षांनी तीच चूक, फक्त धूर नव्हता.

पिस्तूल बाळगण्याचं प्रशिक्षण देणारे जाणकार यावर उपाय शिकवतात. धोका संपला की हत्यार ताबडतोब म्यानात, पोलीस दिसले की हात रिकामे आणि वर, आज्ञा होईल तसं करायचं, हल्लेखोराच्या हत्याराला हात लावायचा नाही. सल्ला योग्य आहे. पण परवानाच नको म्हटल्यावर हे शिकण्याची सक्ती कुणावर राहिली? न्यूयॉर्कचे साध्या वेषातले पोलीससुद्धा आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळीला बळी पडू नयेत म्हणून त्या दिवसासाठी ठरलेल्या रंगाची पट्टी वापरतात. रोज बदलणारा रंग, कारण कालचा रंग बाहेर फुटलेला असू शकतो. प्रशिक्षित, पगारी, एकाच खात्याच्या माणसांना जर ही खूण लागते, तर बाजारात भाजी घ्यायला आलेल्या हत्यारबंद नागरिकाने कुठला रंग बांधायचा?

विरुद्ध बाजूचं एक उदाहरण भक्कम आहे आणि ते टाळणं बरं नाही. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाने गोळीबार करणाऱ्याला काही सेकंदांत ठार केलं. किती जीव वाचले असतील! पण तिथे ओळखीचा प्रश्नच उरला नव्हता. हल्लेखोर सर्वांच्या डोळ्यांदेखत गर्दीवर गोळ्या झाडत होता, आणि तरुण तिथे पहिल्या क्षणापासून हजर होता. 'अलाँग केम जोन्स'मध्ये गोळी योग्य माणसाला लागते ती अशाच कारणाने. ती झाडते चेरी, म्हणजे लोरेटा यंग. गावात मेलडी कोण आणि मॉन्टी कोण हे पक्कं ठाऊक असलेली बाई तीच. सुरुवातीला याच माहितीच्या जोरावर तिने मॉन्टीला वाचवण्यासाठी मेलडीला आमिष म्हणून पुढे केलेलं असतं. बाकी सगळे नेमबाज पूर्ण चित्रपटभर चुकीच्या माणसामागे. जॉन्सनने हे ठरवून लिहिलं की ओघात आलं, काही का असेना, युक्तिवाद म्हणून ते अचूक आहे.

या चित्रपटांची एक मर्यादा मात्र मोठी आहे. त्यांत चुकून ओळखला गेलेला माणूस गोरा असतो, नायक असतो आणि त्याला वाचायला दीड तास मिळतो. 'द पेलफेस'मधले मूळ रहिवासी म्हणजे तर नुसती पिसं लावलेली सोंगं, आज बघवत नाहीत. खऱ्या अमेरिकेत चुकीची ओळख कुणाच्या वाट्याला येते? १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोनातल्या मेसा इथे एका शीख पेट्रोलपंपमालकाला गोळी घातली गेली. मारणाऱ्याने पगडीवरून तो अरब ठरवला होता. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलाथे गावातल्या बारमध्ये हैदराबादचा एक अभियंता मारला गेला, त्याचा सहकारी जखमी झाला. मारणाऱ्याने नंतर दुसऱ्या गावात जाऊन सांगितलं की आपण इराणी माणसं मारली. त्याला अडवायला जो नि:शस्त्र अमेरिकन धावला तो टेबलाखाली बसून गोळ्या मोजत होता, नऊ झाल्या, आता पिस्तूल रिकामं असणार असं समजून उठला, आणि मोजणी चुकली. तोही जखमी झाला. न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत राहणाऱ्या मराठी घरांत या बातम्या वाचल्या गेल्या तेव्हा कुणाला वेस्टर्न चित्रपट आठवले नसतील. पण दोन अक्षरांवरून माणूस ठरवणं आणि पगडीवरून ठरवणं, यातली चूक एकाच जातीची आहे. फरक एवढाच की पेनव्हिलने एम. जे.ला घाबरून वाट दिली, आणि इथे वाट देण्याचा प्रश्न नव्हता.

घरात बंदूक असण्याच्या हक्काबद्दल मी इथे बोलत नाही. २००८ च्या हेलर निकालाने तो वैयक्तिक हक्क म्हणून मान्य केला आहे आणि तो लवकर बदलणार नाही. प्रश्न रस्त्याचा आहे. तिथे विचिटाची जुनी रीत पुन्हा आणायला काहीच अशक्य नाही. परवाना हवा, परवान्याआधी नेमबाजीसोबतच 'झाडू नये कधी' याचं प्रशिक्षण हवं, आणि गुत्ते, मिरवणुका, निदर्शनं, मतदान केंद्रं अशा ठिकाणी हत्यार बाहेर ठेवून आत जायची सक्ती हवी.

आपल्याकडे हे दर निवडणुकीला घडतं. आचारसंहिता लागली की जिल्ह्यातल्या परवानाधारकांची यादी छाननी समितीपुढे जाते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधीच्या निवडणुकीत दंगलीत सापडलेले अशांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, पावती मिळते, निकालानंतर परत. पूर्वी सरसकट सगळ्यांची गोळा करायची पद्धत होती. गोव्यातून मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या एका याचिकेनंतर छाननीची रीत आली, आणि बँकांचे सुरक्षारक्षक, स्पर्धांमधले नेमबाज यांना सूट मिळाली. त्यातही कुरबुरी असतातच. नोटीस उशिरा येते, ठाण्यात हत्यारं नीट ठेवायला जागा नसते, रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक घेतलेला शेतकरी ऐन हंगामात रिकाम्या हाताने बसतो. पण कुणाची, किती दिवस आणि का, हे अधिकाऱ्याला लेखी सांगावं लागतं आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. विचिटाच्या बिल्ल्याला तेवढीही सोय नव्हती.